बारा सिंहांची दंतकथा आणि रक्तातील दप्तर

१/ गीरच्या सिंहांविषयी एक विधान पुस्तकांतून, माहितीपटांतून आणि भाषणांतून सतत भेटते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या जंगलात जेमतेम १२ सिंह उरले होते, आणि आजचा प्रत्येक आशियाई सिंह त्या बारांचा वंशज आहे, असे ते विधान. मे २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह मोजले गेले. बारांपासून ८९१ पर्यंतचा हा प्रवास वन्यजीव संवर्धनाच्या इतिहासातील मोठी यशोगाथा म्हणून सांगितला जातो. (धागा)

२/ या कथेतील पहिला आकडा संशयास्पद आहे. दुसरा खरा असला तरी सिंहांच्या भवितव्याविषयी तो वाटते त्यापेक्षा फार कमी सांगतो. दोन्ही आकड्यांची परीक्षा घेणारा एक तिसरा पुरावा गेल्या चाळीस वर्षांत हाती आला. तो कोणत्याही संस्थानाच्या दफ्तरखान्यात नव्हता. तो सिंहांच्या रक्तात, कातड्यांत आणि संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या हाडांत होता. हे दप्तर वाचायला माणूस कसा शिकला आणि त्यातून काय निघाले, त्याचा हा इतिहास.

३/ आधी बारांची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातील सिंह बंदुकीला बळी पडून संपले. काठियावाडातील गीरचे जंगल हा शेवटचा आसरा उरला. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून तो 'छप्पनियो' या नावाने लोकांच्या स्मरणात राहिला. त्याच काळात, १९०० साली, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आला. सिंहांची संख्या फार घटल्याचे कळल्यावर त्याने शिकार टाळली आणि नवाबाने त्यांचे रक्षण करावे असा आग्रह धरला.

४/ 'जेमतेम डझनभर' हा आकडा याच सुमारास रूढ झाला. मात्र तो कोणी, कुठे आणि कसा मोजला, याचा समाधानकारक कागद नाही. शिवाय गीरचे जंगल एका संस्थानाचे नव्हते. बराच भाग जुनागढच्या नवाबाचा होता, पण धारी आणि कोडीनार हे महाल बडोद्याच्या गायकवाडांच्या अमरेली प्रांतात मोडत. एका दरबाराने आपल्या हद्दीतील सिंहांविषयी काढलेले अनुमान सबंध गीरचे अनुमान ठरत नाही.

५/ पुढचे आकडे शंका वाढवतात. १९३६ साली गीरमध्ये २८७ सिंह असल्याचा अंदाज नोंदवला गेला. १९५० च्या गणनेत ही संख्या २१९ ते २२७ आली. बारांपासून ३६ वर्षांत २८७ व्हायचे, तर सिंहांची संख्या दरवर्षी जवळजवळ नऊ टक्क्यांनी अखंड वाढायला हवी होती. त्यामुळे अनेक अभ्यासकांनी वेगळा अर्थ लावला आहे. प्रत्येक बड्या इंग्रज पाहुण्याला सिंहाची शिकार हवी असे. त्यांना नकार देणे संस्थानाला अवघड होते, पण 'सिंह उरलेच नाहीत' असे सांगणे सोपे होते. आकडा लहान असण्यात संस्थानाचे हित होते.

६/ मराठी इतिहासाच्या वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. बखरीतील सैन्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, तो कोणी आणि कोणत्या हेतूने लिहिला ते पाहावे, हा धडा राजवाड्यांच्या पिढीने घालून दिला. बारांचा आकडा बखरीच्या जातीचा आहे. त्याला तपासण्यासाठी समकालीन अस्सल साधन हवे. सिंहांच्या बाबतीत असे साधन कोणते असू शकते?

७/ उत्तर आहे जनुकीय विविधता. प्रत्येक सिंहाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एकाच जनुकाची किंचित वेगळी अशी अनेक रूपे समूहात असू शकतात. एखाद्या प्राण्यातील दोन प्रती वेगवेगळ्या रूपांच्या असण्याचे प्रमाण किती, हे मोजले की समूहातील विविधतेचे माप मिळते. या मापाला शास्त्रज्ञ 'विषमयुग्मजता' म्हणतात. मोठ्या आणि मिसळत्या समूहात ती अधिक असते. समूह लहान झाला की नात्यातल्या नात्यात पिढ्या वाढतात, दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येऊ लागतात आणि ती घटते.

८/ या मापात म्हणूनच इतिहास दडलेला असतो. समूह कधी आकसला, किती आकसला आणि किती काळ तसा राहिला, याची छाप वंशजांच्या जनुकांवर उरते. अडचण एवढीच की सगळी जनुके डोळ्यांना दिसत नाहीत. जे दिसू शकते, मोजता येते आणि ठरावीक नियमाने वारशात उतरते, अशा खुणेला 'जनुकीय मार्कर' म्हणतात. मार्करचा इतिहास म्हणजे हे दप्तर वाचण्याच्या लिपीचा इतिहास.

९/ पहिली उपयुक्त खूण माणसाच्या रक्तात सापडली. १९०० साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर याने रक्तगटांचा शोध लावण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धात सलोनिकाच्या आघाडीवर अनेक देशांचे सैनिक एकत्र आले होते, त्यांत हिंदी सैनिकही होते. लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने त्यांचे रक्त तपासले आणि वेगवेगळ्या समाजांत रक्तगटांचे प्रमाण वेगळे असते, हे १९१९ साली प्रसिद्ध केले. रक्ताच्या थेंबावरून समूहांची तुलना करता येते, ही कल्पना येथे रुजली.

१०/ दुसरी पायरी परटाच्या खळीवर उभी आहे. १९५५ साली ऑलिव्हर स्मिथीज या शास्त्रज्ञाला प्रथिने वेगळी करण्यासाठी नवे माध्यम हवे होते. लहानपणी आई कपड्यांसाठी शिजवत असलेली खळ थंड झाल्यावर थरथरत्या जेलीसारखी होते, हे त्याला आठवले. त्याने बटाट्याच्या स्टार्चची तशीच लगदी करून तिच्यातून वीज सोडली. प्रथिने आपापल्या आकारमानानुसार आणि विद्युतभारानुसार वेगवेगळे अंतर चालून गेली आणि त्यांचे पट्टे उमटले. जनुकात फरक असेल तर त्याने घडवलेले प्रथिन पुष्कळदा निराळ्या जागी थांबते. जनुकांतील फरक आता पट्ट्यांच्या रूपात दिसू लागला.

११/ १९६६ साली शिकागोत रिचर्ड लेवॉन्टिन आणि जॉन हबी यांनी हे तंत्र फळमाशीवर वापरले. एका जातीतील माश्या जनुकीयदृष्ट्या बहुतांशी सारख्याच असतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तपासलेल्या जनुकांपैकी जवळपास एक तृतीयांश जनुकांची एकाहून अधिक रूपे निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी हॅरिस याला माणसांतही असेच आढळले. विविधता हा निसर्गाचा नेहमीचा शिरस्ता ठरला, आणि विविधतेचा अभाव ही स्पष्टीकरण मागणारी घटना झाली.

१२/ अशी घटना १९८३ साली समोर आली. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करणाऱ्या स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ५५ चित्त्यांच्या रक्तातील ४७ प्रथिन-मार्कर तपासले. एकाही ठिकाणी फरक आढळला नाही. १९८५ साली याच गटाने दाखवले की नाते नसलेल्या चित्त्यांच्या कातडीचे तुकडे परस्परांवर लावले तरी शरीर ते सहसा परके मानत नाही. त्याच सुमारास ओरेगॉनमधील एका वन्यप्राणी उद्यानात मांजरकुळातील एका विषाणूने चित्त्यांचा मोठा बळी घेतला होता. सगळ्यांची प्रतिकारशक्ती एकाच घडणीची असेल, तर एका शरीरात शिरकाव करणारा रोग सगळ्यांत शिरकाव करतो, हा धोका तेव्हा स्पष्ट झाला.

१३/ चित्त्यांनंतर याच गटाची दृष्टी गीरकडे वळली. जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातील सिंहांचे रक्त तपासले गेले. जवळपास ५० प्रथिन-मार्करांत त्यांच्यामध्येही फरक सापडला नाही. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांत तो सापडत होता.

१४/ १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत टांझानियातील गोरोंगोरो विवराचे सिंह मधली पायरी ठरले. १९६२ साली चावऱ्या माश्यांच्या साथीने तेथील सिंह मोजक्याच संख्येवर आले होते, आणि पुढची पिढी त्या थोडक्यांपासून वाढली. नरांच्या शुक्राणूंतील विकृतींचे प्रमाण सेरेंगेटीत सुमारे २५ टक्के, गोरोंगोरोत सुमारे ५० टक्के आणि गीरच्या सिंहांत सुमारे ६६ टक्के निघाले. विविधता जितकी कमी, तितकी विकृती अधिक, अशी ही चढण होती.

१५/ याच मार्करांनी आणखी एक गुपित उघडे केले. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी १९८१ पासून शुद्ध आशियाई सिंहांचा प्रजनन कार्यक्रम चालवला होता. त्या सिंहांच्या रक्तात गीरमध्ये कधीही न दिसलेली, आफ्रिकी सिंहांतील प्रथिन-रूपे सापडली. सबंध वंशावळ पाच मूळ प्राण्यांपर्यंत जात होती आणि त्यांपैकी दोघांत आफ्रिकी रक्त होते. वंशावळीच्या वह्या नीट लिहिलेल्या होत्या, पण पहिल्या पानावरची नोंदच खोटी होती. तो कार्यक्रम पुढे मोडीत निघाला.

१६/ एवढ्या पुराव्यानंतर बारांची गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वाटली. सिंह एकसारखे आहेत, कारण ते बारांचे वंशज आहेत, असे समीकरण रूढ झाले. पण येथे साधनाची मर्यादा पाहणे आवश्यक आहे. जनुकातील अनेक बदलांनी प्रथिनाची चाल बदलत नाही, म्हणून ते पट्ट्यांत दिसत नाहीत. मोडी कागदातील केवळ आकडे वाचता येणाऱ्याने त्यात मजकूरच नाही असे ठरवावे, तसा हा धोका होता. अधिक बारीक वाचणारी लिपी हवी होती.

१७/ ती १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे मिळाली. ॲलेक जेफ्रीज याला डीएनएमधील वारंवार येणाऱ्या तुकड्यांचा असा नमुना दिसला, जो बोटांच्या ठशाप्रमाणे व्यक्तीगणिक वेगळा असतो. भारतात या तंत्राचा पाया हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंह यांनी घातला. त्यांनी वापरलेला शोधक धागा पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएवरील त्यांच्या जुन्या संशोधनातून आला होता. न्यायालयांत पितृत्वाचे आणि खुनाचे खटले याच तंत्राने उभे राहिले.

१८/ १९९७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या पद्धतींनी गीरचे सिंह पुन्हा तपासले. प्रथिनांत न दिसलेले फरक येथे दिसले. गीरचे सिंह एकमेकांच्या हुबेहूब प्रती आहेत, हे मत त्यामुळे सौम्य करावे लागले. विविधता कमी होती, पण शून्य नव्हती. मार्कर बदलला की उत्तर बदलते, आणि म्हणून उत्तराबरोबर मार्करही सांगावा लागतो, हा या अभ्यासाचा धडा होता.

१९/ दरम्यान 'मायक्रोसॅटेलाइट' नावाचे मार्कर प्रचारात आले. डीएनएमधील दोन-चार अक्षरांचा तुकडा लागोपाठ अनेकदा येतो, आणि तो किती वेळा आला यावरून रूपे ठरतात. ही संख्या पिढ्यांमागून पिढ्या चुकतमाकत बदलते आणि बदलाचा वेग साधारण मोजता येतो. त्यामुळे हे मार्कर घड्याळासारखे वापरता येतात. पीसीआर तंत्रामुळे केस, विष्ठा, वाळलेले कातडे यांतील अत्यल्प डीएनएही वाचता येऊ लागला. प्राण्याला पकडण्याची किंवा बेशुद्ध करण्याचीही गरज उरली नाही.

२०/ येथे बारांच्या आकड्याची गणिती परीक्षा करून पाहता येते. प्रजननात भाग घेणारे प्राणी 'न' इतके असतील, तर प्रत्येक पिढीत विविधतेचा १/२न एवढा भाग गळतो. न १२ धरल्यास गळती २४ व्या भागाची, म्हणजे सुमारे चार टक्के. सिंहांची पिढी पाच-सहा वर्षांची धरली, तर दहा पिढ्यांना पन्नास-साठ वर्षे लागतात. इतका काळ संख्या बारांवरच अडकून राहिली, तरी मूळ विविधतेपैकी सुमारे ६५ टक्के शिल्लक राहते.

२१/ सगळे सिंह पिल्ले जन्माला घालत नाहीत. एखादा नर अनेक माद्यांवर अधिकार गाजवतो आणि बाकीचे वंचित राहतात. म्हणून न अवघा ४ धरू. तरीही दहा पिढ्यांनंतर सुमारे २६ टक्के विविधता उरते. दुर्मीळ जनुकरूपे याहून लवकर नाहीशी होतात हे खरे, पण एकूण विविधता संपायला अल्पकाळचे संकट पुरत नाही. संकट दीर्घ असावे लागते, किंवा आधीच पुष्कळ काही हरवलेले असावे लागते.

२२/ २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मायक्रोसॅटेलाइटचे घड्याळ वापरून हाच प्रश्न विचारला. गीरच्या सिंहांचा समूह आकसण्याचा काळ त्यात साधारण एक हजार ते चार हजार वर्षांपूर्वीचा निघाला. हे अनुमान बरोबर असेल, तर गीरचे सिंह नवाबाच्या, कर्झनच्या आणि मोगलांच्याही आधीपासून एकाकी आणि थोडके झाले होते. बंदुकीने शेवटचा घाव घातला, पण झाड त्याआधीच पोखरले गेले होते.

२३/ २०१३ साली इतिहासकारांच्या गोटातून निराळेच मत पुढे आले. रोमिला थापर, वाल्मीक थापर आणि युसूफ अन्सारी यांनी 'एक्झॉटिक एलियन्स' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की सिंह आणि चित्ता हे भारताचे मूळ रहिवासी नसावेत. व्यापार आणि राजांचे भेटीदाखल प्राणी या मार्गांनी ते आले, शिकारखान्यांतून सुटले आणि रानात राहिले, असा त्यांचा तर्क होता. गीरच्या सिंहांची एकरूपता या तर्काशीही जुळत होती, कारण थोडके आणलेले प्राणी म्हणजे थोडकी विविधता. एकच खूण तीन वेगळ्या कथांना आधार देत होती.

२४/ २०२० साली या वादात नवी साधने आली. एका आंतरराष्ट्रीय गटाने २० सिंहांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. त्यांत सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे दोन गुहासिंह होते, पंधराव्या ते विसाव्या शतकातील आणि आज सिंह नसलेल्या प्रदेशांतील १२ सिंह होते, आणि आफ्रिका व भारतातील सहा आजचे सिंह होते. संग्रहालयांतील जुने अवशेष आता केवळ प्रदर्शनाच्या वस्तू राहिल्या नाहीत. त्या दप्तराची पाने झाल्या.

२५/ या अभ्यासात आजच्या सिंहांच्या दोन मुख्य शाखा दिसल्या. त्या सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आणि पुढे अधूनमधून मिसळल्या. भारतीय सिंह उत्तरेकडील शाखेचा निघाला. सहाराच्या दक्षिणेकडील सिंहांचा अंश त्याच्यात आढळला नाही. तेथून माणसाने सिंह भारतात आणले, या कल्पनेला त्यामुळे आधार उरला नाही. इराण किंवा पश्चिम आशियातून काही सिंह कधीच आणले गेले नाहीत, असे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण तेथील सिंह याच कुळाचे होते. पुराव्याने जेवढे सांगितले, तेवढेच मानावे.

२६/ त्याच अभ्यासाने भारतीय सिंहांत जनुकीय विविधता जवळजवळ नाहीशी झाल्याचेही नोंदवले, आणि त्याचे कारण बहुधा अलीकडच्या काळातील अत्यल्प संख्येत असावे असे म्हटले. २००२ चे घड्याळ हजारो वर्षे मागे बोट दाखवते, २०२० चे वाचन अलीकडच्या शतकांकडे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: जुन्या एकाकीपणाने पाया खचला आणि एकोणिसाव्या शतकाने उरलेसुरले नेले. बाराच होते की पन्नास, याचा निवाडा जनुके करत नाहीत. पण 'बारा उरले म्हणून सगळे सारखे' हे सोपे समीकरण त्यांच्यापुढे टिकत नाही.

२७/ या वादाचे महत्त्व ग्रंथालयापुरते नाही. १९९४ साली सेरेंगेटीत कुत्र्यांमधील 'कॅनाइन डिस्टेंपर' हा विषाणू सिंहांत शिरला आणि तेथील सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. सेरेंगेटीच्या सिंहांत विविधता होती, संख्या मोठी होती, आणि समूह काही वर्षांत सावरला. हेच गीरमध्ये घडले तर काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जाऊ लागला.

२८/ २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो प्रश्न दाराशी आला. गीर पूर्व विभागातील दलखाणिया परिक्षेत्रात, म्हणजे एकेकाळच्या गायकवाडी धारी महालाच्या टापूत, काही आठवड्यांत २३ सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले आणि त्यांत तोच डिस्टेंपर विषाणू आढळला. वनखात्याने आजूबाजूचे सिंह पकडून वेगळे ठेवले, परदेशातून लस आणली. साथ त्या परिसरापलीकडे फारशी गेली नाही. विषाणूला रोखणारी भिंत सिंहांच्या रक्तात असल्याचे त्यातून दिसले नाही. माणसांनी वेळीच केलेला बंदोबस्त मात्र दिसला.

२९/ उपाय त्याआधीच सुचवला गेला होता. गीरपासून दूर दुसरे घर असावे, म्हणून मध्य प्रदेशातील कुनो निवडले गेले. त्यासाठी तेथील २४ गावे उठवण्यात आली. सुमारे १,५०० कुटुंबांनी, त्यांत बहुसंख्य सहारिया आदिवासींनी, सिंह येणार म्हणून आपली जमीन आणि जंगल सोडले. गुजरात सरकारने सिंह देण्यास नकार दिला. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत काही सिंह कुनोत हलवण्याचा आदेश दिला. त्यानंतर एकही सिंह तेथे गेलेला नाही.

३०/ १७ सप्टेंबर २०२२ रोजी कुनोत नामिबियाचे आठ चित्ते सोडण्यात आले. ज्या प्राण्याच्या रक्तात एकरूपतेचा धोका पहिल्यांदा वाचला गेला, तोच प्राणी सिंहासाठी मोकळ्या केलेल्या रानात आला. गुजरातचे सिंह दरम्यान आपल्या पायांनी पसरत राहिले. ते किनाऱ्याकडे, शेतांत आणि पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यापर्यंत पोहोचले. क्षेत्र वाढले, पण सगळे सिंह अजूनही एकाच भूभागात, एकाच गुराढोरांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या शेजारात आहेत.

३१/ कुनोत सिंह गेले असते तर विविधता परतली असती का? नाही. मूठभर गीरचे सिंह गीरची तीच जनुके घेऊन जातील. दुसऱ्या घराचा लाभ वेगळा आहे. एका ठिकाणी साथ, वणवा किंवा दुष्काळ आला, तर दुसऱ्या ठिकाणी वंश उरतो. सगळे धान्य एकाच कणगीत ठेवू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

३२/ विविधता बाहेरून आणण्याचे उदाहरणही इतिहासात आहे. फ्लोरिडातील प्यूमा, ज्यांना तेथे पँथर म्हणतात, २०-३० वर आले होते. त्यांच्या शेपट्या वाकड्या होत्या, हृदयात दोष होते, शुक्राणू खराब होते. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या. पुढच्या पिढ्यांत दोष घटले आणि संख्या वाढली. टेक्सासचे प्यूमा त्यांचे जुने शेजारी होते, पूर्वी दोहोंत येजा होती, म्हणून हा उपाय मान्य झाला.

३३/ गीरला असा शेजारी उरलेला नाही. इराण आणि इराकमधले सिंह विसाव्या शतकात संपले. उरले आफ्रिकेतील सिंह, आणि त्यांचे रक्त मिसळले तर 'आशियाई सिंह' म्हणून जे वाचवायचे तेच पुसट होते. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी नकळत हेच केले होते. गीरपुढे म्हणून थोडकेच मार्ग आहेत: उरलेली विविधता आणखी गळू न देणे, समूह मोठा आणि अनेक ठिकाणी ठेवणे, आणि नव्या फरकांना निसर्गाच्या संथ गतीने उगवायला हजारो वर्षांचा अवधी देणे.

३४/ एकरूपता म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. शुक्राणूंत दोष असूनही गीरच्या माद्यांना छावे होतात, आणि १९६८ च्या गणनेतील १७७ सिंहांचे आज ८९१ झाले ते त्याच छाव्यांमुळे. या वाढीमागे वनरक्षक, सिंहाला आपले गुरू गमावूनही सहन करणारे मालधारी आणि शेतकरी, आणि शिकारबंदी पाळलेली पिढी यांचे श्रम आहेत. ते श्रम खोटे ठरत नाहीत. मात्र ८९१ हा आकडा डोकी मोजतो. त्या डोक्यांत किती वेगळेपण आहे, ते तो मोजत नाही. एकाच पुस्तकाच्या ८९१ प्रती असल्या, तरी ग्रंथालयात पुस्तक एकच असते.

३५/ जुनागढच्या दरबाराने बहुधा सिंह वाचवण्यासाठी त्यांची संख्या कमी सांगितली. आज मोठी संख्या सांगून दुसऱ्या घराचा प्रश्न पुढे ढकलला जातो. दोन्ही वेळा आकड्यामागे हेतू आहे, आणि तो ओळखणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. रक्तातील दप्तराला संस्थानाची किंवा राज्याची बाजू नसते. ते वाचणारी लिपी अपुरी असू शकते, तिच्या वाचनात मतभेद होऊ शकतात. पण १९८७ पासून प्रत्येक वाचनात एक ओळ कायम राहिली आहे: हे सिंह फार जवळचे नातलग आहेत आणि त्यांचे रान अजून एकच आहे.

(धागा समाप्त)